नदीवर, रस्त्यावर काही झालं तर पोलिसांचं पथक आपल्या तालुक्यात पोचतं कधी? पहिल्या तासाचं काय?

तापीकाठ (शनिवार, रात्री ९:४०)

राम राम मंडळी. हा धागा काढू का नको असं दोन महिने चाललं होतं, आज काढतोच.

वैशाखात, ऐन लग्नसराईत, आमच्या भाऊबंदकीतला एकोणीस वर्षांचा पोरगा तापीत बुडाला. वऱ्हाडातली चार पोरं भर दुपारी डोहावर आंघोळीला गेली, वाळू उपसून नदीत जे खड्डे झालेत ना त्यातल्या एकात याचा पाय गेला. ११२ ला फोन मीच केला. फोन लगेच उचलला, ठिकाण विचारलं, साधारण पंचवीस मिनिटांत गाडी आली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गाडीत दोघं, एक हवालदार आणि एक पोरसवदा कॉन्स्टेबल. त्या कॉन्स्टेबलने टोपी आणि पट्टा काढून धोंड्यावर ठेवला, वॉकीटॉकी माझ्या हातात दिला, "हे धरा भाऊ" म्हणाला आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन थांबला. मागे वळून म्हणाला, "भाऊ, मला पोहता येत नाही." मी तो वॉकीटॉकी धरून उभा, आणि त्यातून कंट्रोलवाला सारखा विचारतोय, काय परिस्थिती आहे, काय परिस्थिती आहे.

जिल्ह्याहून बोट आली तेव्हा दिवस मावळला होता. पोराला बाहेर काढलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि काढलं कोणी तर खालच्या गावच्या दोघा भोई भावांनी, गळ टाकून.

पेपरात आपण वाचतो, पोलिसांचं क्यूआरटी, आरसीपी, बॉम्बशोधक पथक, अमुक पथक तमुक पथक. ही पथकं नेमकी काय करतात, असतात कुठे, आणि तालुक्याला असं एखादं का नसतं? माझं मत सरळ आहे, नदीकाठच्या प्रत्येक पोलीस स्टेशनला निदान सहा जण तरी पाण्यातल्या कामासाठी तयार केलेले पाहिजेत. जाणकारांनी सांगा.

गिरणेचा_भाऊ (रात्री ९:५८)

भाऊ, भलतं वाईट वाटनं. आमना गिरणाकाठले बी हाईच शे, वाळूना खड्डा, पानी कितलं खोल शे ते समजतच नही. आख्खं गाव काठवर उभं राहस पन उतराले कोनी नही.

केळीबाग_रावेर (रात्री १०:१५)

दुःख समजतं, पण मत पटत नाही. बुडालेल्याला काढणं हे पोलिसांचं काम का म्हणून? त्यासाठी नगरपालिकेचं अग्निशमन आहे, तहसीलचं आपत्ती व्यवस्थापन आहे. पोलिसांना आधीच गणपती, नवरात्र, ईद, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, आठवडे बाजार. आता त्यांनीच पोहायचं पण? आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात एका पोलीस स्टेशनला चाळीस-पन्नास गावं असतात, रात्री ड्युटीवर माणसं किती असतात ते एकदा जाऊन बघा.

तापीकाठ (रात्री १०:२२)

@केळीबाग_रावेर, काम कोणाचं ते कागदावर ठरतं. पण पहिला पोचतो तो पोलीसच. अग्निशमन तालुक्याच्या गावात, आम्ही तिथून अठरा किलोमीटर. त्या कॉन्स्टेबलला कोणी सांगितलं नव्हतं उतर म्हणून, तरी उतरला ना तो?

जुना_बिल्ला (रात्री ११:०५)

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो, सात वर्षं आरसीपीत काढली, शेवटी एमटीला, म्हणजे खात्याच्या गाड्यांच्या विभागात होतो. तापीकाठ भाऊंनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितो, मोठं होईल, सांभाळून घ्या.

आरसीपी म्हणजे दंगा नियंत्रण पथक. काठी, ढाल, हेल्मेट, अश्रुधुराची नळकांडी. राहतं जिल्हा मुख्यालयात. याचं खरं काम दंगल झाल्यावरचं नाही, होऊ नये म्हणून उभं राहण्याचं आहे. मिरवणुकीत एखाद्या कोपऱ्यावर आम्ही दुपारी चारला उभे राहायचो ते पहाटे दोनला हलायचो, हेल्मेटच्या आत घामाने केस चिकटून बसलेले, आणि समोरून ढोलवाली पोरं गुलाल उधळत जातात. काही झालं नाही म्हणजे ड्युटी चांगली झाली. धुळ्याने जानेवारी २०१३ मध्ये काय पाहिलं ते इथल्या बहुतेकांना आठवत असेल, भांडण एका हॉटेलातल्या बिलावरून सुरू झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा माणसं गेली. दंगल काबूत ठेवायचं शिक्षण असलेली माणसं पहिल्या अर्ध्या तासात जागेवर असणं आणि नसणं यात किती फरक पडतो, ते त्या दिवसानंतर मी पोरांना कायम सांगत आलो.

क्यूआरटी, म्हणजे शीघ्र प्रतिसाद पथक, वेगळं. २६/११ नंतर राज्यात फोर्स वन ही कमांडो तुकडी उभी राहिली आणि जिल्ह्याजिल्ह्यात क्यूआरटीवर जोर आला. तरणी, काटक पोरं, आधुनिक शस्त्रं, अतिरेकी हल्ला, ओलीस, हत्यारबंद माणूस घरात कोंडून बसलाय, अशा कामाला. रोज सकाळी पळणं, फायरिंगचा सराव, मॉक ड्रिल. आमच्या वेळी बराकीत बुटांचे शेंडे दाराकडे करून ठेवायचे, गाडीचं तोंड कायम फाटकाकडे. शिट्टी झाली की पाच मिनिटांत गाडी बाहेर. एमटीवाला म्हणून सांगतो, ड्रायव्हर जेवायला बसला तरी चावी खिशात नाही, गाडीलाच.

तिसरं बीडीडीएस, बॉम्बशोधक व नाशक पथक, सोबत श्वान. तो बॉम्बसूट तीस-पस्तीस किलोचा असतो, मे महिन्यात आपल्या जळगावच्या ४५ डिग्रीत तो घालून चालणारा माणूस मी पाहिलाय. वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा बनियन पिळून काढलं.

आता मुद्द्याचं. यातलं एकही पथक पाण्यासाठी नाही. पाण्यासाठी, इमारत पडली, दरड आली त्यासाठी आहे एसडीआरएफ, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दल. ते एसआरपीच्या, म्हणजे राज्य राखीव पोलिसांच्या जवानांतून उभं केलंय, एक नागपूरला आणि एक आपल्या धुळ्याला, एसआरपी गट ६ मध्ये. खान्देशाला खरं तर ते घरचंच. पण घरचं असलं तरी धुळ्याहून नंदुरबारच्या मोलगीला दीडशे किलोमीटरच्या वर, त्यातला शेवटचा तुकडा घाटाचा.

भरीतवाला (रात्री ११:२०)

जिभाऊ, झकास माहिती. बीडीडीएसवरून आठवलं, एकदा एका बसस्टँडवर बेवारस पिशवी सापडली, स्टँड रिकामं केलं, श्वान आला, सूटवाला आला, दोन तासांनी पिशवी उघडली तर आत बामणोदची वांगी, हिरव्या मिरच्या आणि कांद्याची पात. पिशवीवाल्या आजी मागे उभ्या राहून ओरडत होत्या, अरे माझं भरीत!

जुना_बिल्ला (रात्री ११:२८)

हसू येतं खरं. पण नव्याण्णव वेळा वांगी निघतात म्हणून शंभराव्या वेळी हात घालायचा नसतो. त्या आजींना मी म्हटलं असतं, तुमच्या वांग्यांनी आमच्या पोरांचा सराव झाला.

पांझरा (रविवार, सकाळी ७:१०)

साक्री तालुक्यातला आहे, म्हणून लिहिणं भाग आहे. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. जवळचं पोलीस स्टेशन पिंपळनेरचं. जे मोजके पोलीस आधी पोचले त्यांच्यावरही जमाव धावून गेला.

मी अनेक वेळा विचार केलाय, त्या दिवशी मुख्यालयातली आरसीपी धुळ्याहून निघाली असती आणि रस्ता मोकळा मिळाला असता तरी काय झालं असतं? सगळं संपल्यावर पोचली असती. तिथे ढाल-हेल्मेट उपयोगाचं नव्हतं, आदल्या आठवड्यात पाड्यापाड्यावर जाऊन "ही अफवा आहे, कोणी आलं तर बसवून ठेवा आणि आम्हाला फोन करा" हे त्यांच्या बोलीत सांगणारा माणूस उपयोगाचा होता. त्यामुळे तापीकाठ भाऊंचा पहिल्या तासाचा मुद्दा फक्त पाण्यापुरता नाही.

धडगावचे_गुरुजी (सकाळी ८:३०)

पांझरा यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडचं सांगतो. २०१९ च्या संक्रांतीला नर्मदेवर भूषा पॉइंटला लोक पूजेला, आंघोळीला जमले होते, क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन निघालेली होडी उलटली. लहान मुलंही गेली त्यात. जे वाचले त्यातल्या बऱ्याच जणांना आजूबाजूच्या होड्यावाल्यांनीच ओढून घेतलं. सरदार सरोवराचं पाणी मागे पसरल्यापासून आमच्या कितीतरी पाड्यांना रस्ता म्हणजे पाणीच आहे, मोबाईलला रेंज मिळवायला पोरं टेकडीवर चढतात. तिथे ११२ लावायचा तरी कुठून? माझ्या वर्गातली पाचवीची पोरगी होडी वल्हवते, आणि तिला पोहता येतं. त्या पोरीला जे येतं ते शिपायाला शिकवायला काय अवघड आहे?

शिंदखेडेकर (सकाळी ९:०२)

गुरुजी, शेवटचं वाक्य काळजाला लागलं.

जर्सीकर_खान्देशी (सकाळी ९:४५)

मूळ पारोळ्याचा, अठरा वर्षं न्यू जर्सीत. शेजारच्या न्यूयॉर्क पोलिसांत एमर्जन्सी सर्व्हिस युनिट आहे, १९३० पासूनचं. त्यांची गंमत अशी की बंदूकवाला घरात कोंडून बसला तरी तेच, पुलावरून कोणी उडी मारायला चढला तरी तेच, लिफ्टमध्ये माणूस अडकला, गाडीचा चेंदा होऊन ड्रायव्हर आत अडकला तरी तेच. एकाच ट्रकमध्ये जड शस्त्रं पण आणि पत्रा कापायची हायड्रॉलिक कात्री पण. हे ट्रक एका जागी न ठेवता शहरभर वाटून ठेवलेत. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफकडेही असंच एक पथक आहे, त्यातले पोलीस स्वतः पॅरामेडिक असतात, डोंगरात आणि पाण्याखाली काम करतात. आणि तिथे डोंगरात हरवलेल्याला शोधणाऱ्या टीममध्ये बहुतेक स्वयंसेवक असतात, कोणी सुतार, कोणी मास्तर, पण टीम शेरीफच्या हाताखाली, शिक्षण आणि विमा त्यांच्याकडून.

पैसा आपल्याकडे तेवढा नाही मान्य. पण स्वयंसेवकाला पोलिसांच्या छत्राखाली घ्यायला पैसा कमी आणि इच्छा जास्त लागते.

केळीबाग_रावेर (सकाळी १०:१०)

तिथलं तिथे ठीक हो. इथे बोट घेतली तरी दोन वर्षांत उंदीर कुरतडतात, इंजिनला पेट्रोल कोणाच्या बिलात टाकायचं यावर फाइल फिरते. मी स्वतः एका कार्यालयाच्या मागे रबरी बोट पाहिली आहे, घडी घातलेली, घडीवर भेगा.

पोलीसाची_बायको (दुपारी १२:३५)

सगळं वाचलं. माझे मिस्टर खात्यात आहेत, म्हणून कोणी सहज "पोलिसांनी उतरायला पाहिजे" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. रागावून लिहीत नाहीये तापीकाठ दादा, तुमचं दुःख मोठं आहे.

२३ मे २०२४ आठवा. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात सुगावला प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घ्यायला धुळ्याची एसडीआरएफची तुकडी गेली होती. शिकलेले, रोज सराव करणारे जवान. पाण्याच्या ओढीत त्यांची बोट उलटली आणि आपले तीन जवान गेले. सोबत होडीत बसलेला गावचा माणूसही गेला. त्या दिवशी धुळ्यात आमच्या पोलीस लाइनीत एकाही घरात चूल नीट पेटली नाही. कोणाच्या घरचं गेलंय हे कळेपर्यंत प्रत्येक बाई फोन हातात घेऊन दारात उभी होती.

तेव्हा पाण्यातली माणसं तयार करा, जरूर करा, पण आधी लाइफ जॅकेट, कमरेला दोर, काठावर दोर धरणारे दोघे, आणि कधी उतरायचं नाही हे ठरवायचा अधिकार त्या शिपायाला. कमरेएवढ्या पाण्यात जो कॉन्स्टेबल थांबला ना, तो बरोबर थांबला. त्याच्याही घरी कोणीतरी असेल.

तापीकाठ (दुपारी १२:५०)

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तो थांबला म्हणून मला कधीच राग नव्हता. त्याला रिकाम्या हाताने पाठवलं याचा राग आहे. गाडीत दोर पण नव्हता. शेवटी ट्रॅक्टरचा सोडून आणला.

भुसावळचा_डॉक्टर (दुपारी २:१५)

पहिल्या तासावर इतकं बोललो, मी पहिल्या दहा मिनिटांवर बोलतो, कारण माझ्याकडे येणारा पेशंट तिथेच ठरलेला असतो. मेंदूला चार ते सहा मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही तर नुकसान सुरू होतं. म्हणजे कुठलंही पथक, अगदी गावातलंसुद्धा, धावत आलं तरी उशीरच. काठावर जो उभा आहे तोच पथक.

बुडणाऱ्याला हात देऊ नका, तो तुम्हाला घेऊन जातो. काहीतरी फेका: दोर, साडी, रिकामा झाकण लावलेला पाच लिटरचा कॅन, ट्यूब. बांबू पुढे करा. बाहेर काढल्यावर सपाट जमिनीवर उताणं झोपवा, श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, तीस वेळा दाबणं आणि दोन श्वास, १०८ येईपर्यंत थांबायचं नाही. आणि हात जोडून सांगतो, घागरीवर पालथं घालून पोट दाबणं, उलटं टांगणं, कुंभाराच्या चाकावर फिरवणं बंद करा. मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांचा श्वास सुरू करायचा वेळ पोटातलं पाणी काढण्यात गेला. पोटातलं पाणी मारत नाही, श्वास नसणं मारतं.

गिरणेचा_भाऊ (दुपारी २:२०)

डॉक्टरसाहेब, आमना गावमा आजबी घागरवरच टाकतस. हाई गावना गटवर टाकस मी.

अमळनेरची_मुलगी (दुपारी ३:४०)

जुलै २०२२ ला इंदूरहून आमच्या अमळनेरला येणारी एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत पडली, आत होते ते सगळे गेले. ड्रायव्हर-कंडक्टर आमच्या डेपोचे. आम्हाला इथे बातमी पोचली तेव्हा तिथे होड्यावाले कधीच पाण्यात होते. आणि जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमधून आगीच्या अफवेने लोक रुळावर उतरले आणि कर्नाटक एक्स्प्रेसखाली आले, तिथेही आसपासच्या शेतातली माणसंच आधी धावली. केळीबाग काका, प्रत्येक वेळी आधी कोण पोचतं ते बघा. मग काम कोणाचं हा प्रश्नच उरत नाही.

फैजपूरचा_राजा (दुपारी ४:०५)

थोडं विषयाबाहेर, हतनूर धरणाचे ४१ दरवाजे कधी उघडणार हे काठच्या गावांना वेळेत कळतं का हो? आमच्या इकडे दवंडी बंद झाली आणि ग्रुपवरचा मेसेज म्हातारी माणसं वाचत नाहीत.

जुना_बिल्ला (सायंकाळी ५:३०)

राजा, पोलीस पाटलाला निरोप येतो, पुढे तो किती घरी जातो त्यावर आहे. म्हणूनच म्हणतो, पोलीस पाटील हा आपला सगळ्यात जुना आणि सगळ्यात दुर्लक्षित दुवा.

सगळ्यांचं वाचून मला गडचिरोलीचं सी-६०, नक्षलवाद्यांशी लढणारं पोलीस पथक, आठवलं. १९९० मध्ये तिथले एसपी के. पी. रघुवंशी यांनी ते उभं केलं तेव्हा बाहेरून जवान आणले नाहीत, तिथलीच आदिवासी पोरं घेतली, साठ जण, कारण जंगल त्यांना तळहातासारखं माहीत, बोली माहीत. काम बंदुकीचं आहे, आपल्याला ते नको, पण तत्त्व घ्या. तापी कोणाला माहीत? भोई, कोळी, ढिवर समाजाला. नर्मदा कोणाला माहीत? पावरा-भिल्ल पोरांना. होमगार्डमध्ये अशा पोरांना ओढा, पोलीस स्टेशनच्या यादीवर घ्या, गणपती विसर्जनाला त्यांनाच मानधन देऊन घाटावर उभं करा. विसर्जनाला आपण दर वर्षी पट्टीचे पोहणारे बोलावतोच की, मग उरलेल्या ३६४ दिवसांचं काय?

केळीबाग_रावेर (सायंकाळी ५:५०)

हे पटलं. भरती वाढवा म्हणाला असता तर भांडलो असतो, पण यादी, मानधन आणि जॅकेट ही गोष्ट उद्या होऊ शकते.

पोलीसाची_बायको (सायंकाळी ६:१५)

मलाही पटलं. त्या पोरांचा विमा मात्र आधी.

तापीकाठ (पुढचा शनिवार, रात्री ८:५०)

आठवडाभर उत्तर दिलं नाही, कारण धावपळ चालली होती. मंगळवारी आम्ही सात जण आमच्या पोलीस स्टेशनला गेलो. साहेब नवीन आहेत, आधी वाटलं निवेदन घेतील आणि शिक्का मारून देतील. पण त्यांनी तासभर बसवून ऐकलं. ताई, तुमची पोस्ट मी त्यांना मोबाईलवर वाचून दाखवली, वाचताना ते खिडकीकडे बघत होते. मग त्यांनीच कागद ओढला. आमच्या हद्दीत नदीकाठची अकरा गावं, त्यातले धोक्याचे डोह नऊ. प्रत्येक गावच्या दोन पोहणाऱ्यांची नावं आणि नंबर ठाणे अंमलदाराच्या टेबलावर लावायचे, ११२ च्या गाडीत शंभर फुटी दोर आणि दोन जॅकेट कायम ठेवायची. विम्याचं आणि मानधनाचं ते वर लिहिणार आहेत, तिथे किती वेळ लागेल माहीत नाही, मी मागे लागलेला आहे.

भोई भावांपैकी थोरल्याने नाव लगेच दिलं. धाकटा म्हणाला, मी येतो पण रात्रीचं उतरणार नाही. साहेबांनी नावापुढे तसंच लिहिलं, "फक्त दिवसा". हे मला फार आवडलं.

तो कॉन्स्टेबल तिथेच होता. पाणी आणून दिलं त्याने आम्हाला. बोलला नाही काही, निघताना फाटकापर्यंत आला आणि विचारलं, तालुक्याला पोहायला शिकवणारं कोणी आहे का. मी आमच्या पुतण्याचा नंबर दिलाय.

आता घाटांवर टांगायला ट्रकच्या जुन्या ट्यूब पाहिजेत, नऊ डोह, प्रत्येकी दोन. आठ जमल्यात.

गिरणेचा_भाऊ (रात्री ९:०५)

मना साडूनं पंक्चरनं दुकान शे. दहा ट्यूबा ऐतवारले ली येस मी. कोणा घाटवर ठेवाना शेतस ते सांगी ठेव.